खिशातला खडा

कोळवणच्या ओढ्याकाठी कुशाबाचा गोठा होता. गुरुवारी त्यातली गुरं दिवसभर बाहेर उन्हात बांधलेली असत, कारण गुरुवारी गोठ्यात खडेमहाराज बसत. पौडहून येणारी सकाळची एस.टी. फाट्यावर थांबली की अर्धी गाडी रिकामी व्हायची. कुणी पोट धरून, कुणी कमरेत वाकून, कुणी नुसतंच बघायला म्हणून, सगळे बांधावरून एकामागे एक गोठ्याकडे निघायचे. एकोणऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात मुळशी तालुक्यात मुतखडा झालेली एवढी माणसं आहेत हे सरकारी दवाखान्यालाही ठाऊक नसेल.

गोठा शेणाने स्वच्छ सारवलेला. मधोमध पोत्यावर रोगी आडवा. त्याच्या उशाशी महाराज, आणि महाराजांच्या शेजारी विड्यांची पितळी डबी सांभाळत बसलेला त्यांचा चेला भिकू.

"कळ कुणाची? देहाची!" महाराज गरजायचे. "खडा कुणाचा? कर्माचा! ओढणारा कोण? तो वरचा! आम्ही कोण? आम्ही नुसती नळी!"

नळी चांगली गलेलठ्ठ होती आणि पोटाने सुटलेली होती. पण गर्दी हात जोडून उभी असे, तेव्हा असलं काही कुणाला दिसत नसे.

मग भिकू डबीतून एक विडा काढून महाराजांच्या हातात द्यायचा. महाराज तो तोंडात टाकायचे, डोळे मिटून चघळायचे. पोकळ शिंगाची तुंबडी रोग्याच्या कमरेला लावायचे आणि तिच्या टोकाला तोंड लावून असे ओढायचे की गाल आत जात, मानेच्या शिरा फुगत, अंग थरथरत असे. एकदम ते परातीवर वाकायचे. थू! लाल पिंक पडायची आणि तिच्यातून आवाज यायचा, टण्!

"निघाला! निघाला!" गोठा दणाणून जायचा.

अशाच एका गुरुवारी पोत्यावर मुनीरा होती. परात वाजली तेव्हा तिचा नवरा नबीलाल तिच्या पायाशी उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं त्याने ही बाई जमिनीवर लोळताना पाहिली होती. कळ आली की ती कमरेला पदर आवळून भिंतीवर डोकं टेकायची, आणि मुलगी परवीन दाराआड उभी राहून रडायची. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला होता. डाव्या मूत्रपिंडात खडा आहे, ऑपरेशन करून काढावा लागेल, असं त्यांनी बजावलं होतं. मुनीरा ऐकायला तयार नव्हती. तिची खाला, म्हणजे मावशी, आपल्या पायांनी दवाखान्यात गेली होती आणि चौघांच्या खांद्यावरून परत आली होती. त्यानंतर ऑपरेशन हा शब्द त्या घरात कुणी काढत नसे.

महाराजांनी खडा पाण्यात खळबळून नबीलालच्या तळहातावर ठेवला. हरभऱ्याएवढा, पांढुरका, गुळगुळीत.

"नीट ऐक. हा खडा घरात ठेवायचा नाही, रोग्याच्या अंगात परत मूळ धरतो. जमिनीवर टेकवायचा नाही. घरधन्यानं अंगावर वागवायचा. दोन अमावास्या उलटल्या की वाहत्या पाण्यात सोडून द्यायचा, मागं वळून बघायचं नाही."

पुरावा रोग्याच्याच नवऱ्याच्या हातून नदीत जाईल, अशी ही चोख व्यवस्था होती. नबीलालला ती त्या दिवशी कळली नाही. त्याने खडा रुमालात बांधला आणि महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं.

आता हा नबीलाल कोण, ते सांगायला हवं. तो सातवी शिकलेला, पौडचा. रोज पहाटेच्या गाडीने पुण्याला जाऊन एका कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काम करी. सतरा वर्षं तो मुलांसमोर खनिजांचे नमुने मांडत आला होता. कठीणपणाची लाकडी पेटी त्याच्या ताब्यात असे. तिच्यात मऊपासून कठीणपर्यंत दहा खण. पहिल्यात शंखजिरं, नखानेही ओरखडतं. तिसऱ्यात कॅल्साइट, त्याला तांब्याचा पैसा लागतो. सातव्यात गारगोटी, तिच्यावर सुरी चालत नाही आणि ती उलट काच ओरखडते. दहाव्या खणात हिरा असायला हवा, पण तो खण कायम रिकामा. "हिरा कुठंय?" असं नव्या पोराने विचारलं की नबीलाल म्हणे, "तो सरांनी लग्नात दिला."

ओरखडा ओळखावा कसा, हे तर तो सरांच्याही आधी पोरांना सांगे. "काचेवर रेघ दिसली म्हणून उड्या मारू नका. बोट ओलं करून पुसा. पुसली गेली तर तो दगडाचाच चुरा. राहिली तर काच खरवडली. मग नख फिरवा, अडकतं का बघा." दर सहामाहीला ओरखडून आंधळ्या झालेल्या काचेच्या पट्ट्या तोच गोळा करून फेकून देई. तालुक्यात दगडाची पारख त्याच्याइतकी कुणाला नव्हती, आणि त्याच माणसाने तो खडा ओरखडून पाहिला नाही. का, तर तो बायकोच्या पोटातून आला होता. पोटातून आलेल्या वस्तूला पेटीतली परीक्षा लावायची असते हे त्याच्या मनातच आलं नाही.

त्याने प्रयोगशाळेतली नमुन्याची एक छोटी काचेची बाटली घेतली, खडा तिच्यात टाकला, बूच लावलं आणि बाटली सदऱ्याच्या खिशात ठेवली. पौड ते पुणे, पुणे ते पौड, खड्ड्याखड्ड्याच्या रस्त्यावर एस.टी. उडत राहिली आणि खिशातला खडा खुळखुळत राहिला. मुनीराची कळ थांबली होती. ती रात्री झोपत होती, भाकऱ्या थापताना गुणगुणत होती. नबीलाल गाडीतल्या लोकांना बाटली दाखवून कोळवणचा पत्ता सांगू लागला. त्याच्या सांगण्यावरून किती जण तिकडे गेले ते त्याने पुढे मोजायचा प्रयत्न केला, आणि मध्येच सोडून दिला.

दुसरी अमावास्या आठवड्यावर आली. खडा मुळा नदीत सोडायचा होता. दुपारच्या सुट्टीत नबीलालने बाटली काढून खिडकीच्या उजेडात धरली, आणि त्याला ती धुरकट दिसली.

चुरा असेल, असं वाटून त्याने काडीला कापूस गुंडाळला, ओला केला आणि बाटली आतून पुसली. धूर गेला नाही. त्याने पुन्हा पुसलं. मग आत नख घातलं आणि काठाजवळ हळूच फिरवलं.

नख अडकलं.

तो स्टुलावर बसला. थोड्या वेळाने उठून त्याने खडा टेबलावर काढला. आधी नख. काही नाही. कंबरेच्या दोऱ्यातला भोकाचा पैसा सोडला, तो घासला. खड्यावर पैशाचीच लालसर रेघ उमटली, बोटाने पुसली गेली. सुरीचं टोक दाबलं, ते घसरलं. शेवटी काचेची कोरी पट्टी घेतली. खडा तिच्यावरून कर्र करत गेला आणि मागे एक पांढरी, स्वच्छ, न पुसणारी रेघ राहिली.

"सर," त्याने आतल्या खोलीत जाऊन विचारलं, "माणसाच्या पोटात गारगोटी तयार होते का?"

सरांनी भिंग लावून खडा पाहिला. "अशी नाही होत. मुतखडा मऊ असतो नबीलाल, पैशानं त्याचा चुरा निघतो. हा नदीतला खडा आहे. पाण्यात घासून गुळगुळीत झालाय बघ. कुठं सापडला?"

नबीलालने खडा परत बाटलीत टाकला. तो तसाच दवाखान्यात गेला आणि आधीच्या त्याच डॉक्टरांना गाठलं.

"कळ थांबली हे चांगलंच की," तो घाईघाईने म्हणाला. "आपोआप थांबते ना कधी कधी?"

"थांबते. बारीक खडा लघवीवाटे पडून गेला तर थांबते," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या बायकोचा खडा बारीक नव्हता. असा खडा लघवीच्या नळीत अडकून बसला, वाट बुजली, तरी काही दिवसांनी कळ थांबते. मूत्रपिंड आत कुजत असतं आणि माणसाला वाटतं की आपण बरे झालो. तिला घेऊन या. उद्याच."

घरी आल्यावर त्याने मुनीराला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"तो खडा तुझ्या पोटातला न्हवं. नदीतली गार हाय ती."

"मग कळ का थांबली?"

त्याने डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ते तोंडातून बाहेर पडताना त्यालाच खोटं वाटायला लागलं. दुखतं म्हणून दवाखान्यात चल, हे माणसाला समजतं. दुखत नाही म्हणून चल, हे कुणाला समजणार?

"काचंवर घासून बघितला म्या," तो म्हणाला. "काच ओरखडली, मुनीरा!"

"तुमची काच तुमच्या कॉलेजात ठेवा," सूप आपटून ती म्हणाली. "तीन वर्सांनी मला रातची झोप लागतीया. ती कशावर घासून बघनार हाय तुमी?"

सतरा वर्षं नबीलालने शेकडो पोरांना ओरखडा समजावून दिला होता. ह्या एका बाईला समजावून देता येईना. त्याने विनवलं, रागावला, एक दिवस जेवला नाही. तीही जेवली नाही. प्रत्येक दिवस जात होता आणि तिच्या आत काय चाललं असेल, ते त्याला तिच्या तोंडाकडे बघताना दिसल्यासारखं होई. ती मात्र त्याच्याकडे बघून हसायची.

"गुरवारी संगं चल," शेवटी तो म्हणाला. "समद्यांसमोर दावतो. म्या खोटा ठरलो तर पुन्ना ऑपरेशनचं नाव काढनार न्हाई."

गोठ्यात तीच गर्दी होती. नबीलालने पिशवीतून काचेची पट्टी काढली आणि हात वर केला.

"ज्यांच्यापाशी महाराजांनी काढलेलं खडं हायेत त्यांनी म्होरं या."

कोळवणचा गेणबा पुढे आला. त्याच्या बायकोचा, रत्नाबाईचा खडा त्याच्या बंडीच्या खिशात होता. गोजराबाईला घरधनी नव्हता, तिने आपला खडा आपल्याच कनवटीला बांधला होता. आणखी तिघे आले. नबीलालने एकेक खडा काचेवरून ओढला, बोट ओलं करून रेघ पुसून दाखवली. पाच खडे, पाच रेघा, एकही पुसली गेली नाही.

"बघितलं? मानसाच्या पोटातला खडा काच कापत न्हाई! ह्या नदीतल्या गारगोट्या हायेत!"

महाराजांनी डोळे मिटले, आणि उघडले ते एकदम हसतच.

"काच कापली! ऐका रे! काच कापली!" ते गरजले. "काच कापतो कोण? हिरा! एवढा कठीण रोग होता तुमच्या अंगात! डॉक्टरची सुरी काय करणार होती त्याला? ह्या भल्या माणसानं काच आणली म्हणून आज सगळ्यांना समजलं, आम्ही काय ओढून काढत होतो ते!"

"व्हय की! काच कापली!" गर्दीतून आवाज उठला. "हिऱ्यावानी व्हता खडा!" बायकांनी हात जोडले. रत्नाबाईने गेणबाच्या हातातला खडा घेऊन कपाळाला लावला. ऐन कोर्टात साक्षीदार फुटावा तसं झालं. नबीलालने मुनीराकडे पाहिलं, तर तिचेही हात जोडलेले होते.

काच हातात घेऊन तो उभा राहिला. पुरावा होता, रेघ होती, नख अडकत होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. महाराजांनी नव्या रोग्याला आडवं व्हायची खूण केली आणि भिकूपुढे हात पसरला. भिकूने डबी उघडली.

नबीलाल त्या डबीकडे बघत राहिला. खडा नदीतला आहे, तर तो महाराजांच्या तोंडात कुठून तरी जायला हवा. तुंबडीच्या आधी तोंडात जातं काय?

"महाराज," तो म्हणाला, "त्या डबीतला येक विडा मला द्या की. परसाद म्हनून."

भिकूने झाकण खाडकन लावलं. "हा महाराजांचा हाय! परसादाचं विडं त्या ताटात!"

दाराशी बहिरू बसला होता. त्याला रोगबिग काही नव्हता, तो दर गुरुवारी नुसता ताटातल्या विड्यांसाठी यायचा. "द्या की राव, येवड्यासाठी काय अडून बसताय?" असं म्हणत त्याने भिकूच्या हातातून डबी ओढली, एक विडा उचलला आणि सरळ दाढेखाली दाबला.

कट्ट!

"आई गं! मेलो! दाढ गेली माझी!" बहिरू परातीवर वाकला आणि थुंकला.

टण्!

परातीत खडा वाजला. हरभऱ्याएवढा, पांढुरका, गुळगुळीत.

"बहिरूदादा," नबीलालने हळू आवाजात विचारलं, "तुमाला मुतखडा झालता कंदी?"

"कसला मुतखडा! प्वाट येकदम ब्येस हाय माझं! दाढ मोडली ना माझी!"

गोजराबाईने डबी उचलली आणि पोत्यावर पालथी केली. एकेक विडा ती उलगडू लागली. लवंग काढायची, पान सोडायची, आतला कात-चुना बोटाने बाजूला सारायची. अकरा विडे होते, अकरा खडे निघाले. लोक हसायला लागले, मग हसता हसता आपापल्या खिशातले खडे चाचपू लागले.

"निघाला! बहिरूचाही खडा निघाला!" महाराज अजून ओरडत होते. "विड्यातच गुण आहे!" आणि मागच्या बाजूला कुणीतरी खरोखर हात जोडले.

पुढे काय झालं म्हणाल, तर फारसं काही झालं नाही. कुणी महाराजांच्या अंगावर धावून गेलं नाही, कुणी चौकीवर गेलं नाही. कुशाबाने महाराजांना आणि भिकूला फाट्यावर नेऊन दुपारच्या गाडीत बसवलं, कारण पाहुणे होते ते त्याचे. लोक पांगले. गोजराबाई आपला खडा परत कनवटीला बांधत होती.

"गोजराबाई, आता कशाला ठेवताय त्यो?" नबीलालने विचारलं.

"खडा खोटा असंल बाबा," ती म्हणाली. "पर माजी कळ खरी व्हती. ती गेली न्हवं?"

बारीक खडा आपोआप पडून जातो, हे त्याने तिला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि गाठ घट्ट केली.

परतताना बांधावरून मुनीरा पुढे चालत होती. ओढा ओलांडल्यावर ती थांबली.

"मग माजा खडा?"

"आत हाय."

"आन दुखत न्हाई ते?"

नबीलालने पाण्याकडे बघत सांगितलं, "उद्या दवाखान्यात जाऊ." ती आता नाही म्हणाली नाही.

दवाखान्यात शिरेतून औषध सोडून फोटो काढले. उजव्या बाजूला औषध उतरलेलं दिसत होतं. डावी बाजू काळीच राहिली. ते मूत्रपिंड संपलं होतं, पाण्याने फुगून त्याची नुसती पिशवी झाली होती. ते काढूनच टाकावं लागलं.

"खडा काढला त्या गुरुवारीच आलो असतो तर?" नबीलालने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला. "बहुतेक वाचलं असतं," ते म्हणाले.

खरा खडा त्यांनी एका बाटलीत घालून दिला. तपकिरी, खडबडीत, बोराच्या बीएवढा. मुनीराच्या खाटेशी बसून नबीलालने भोकाचा पैसा काढला आणि खड्यावर घासला. पांढरट चुरा त्याच्या लेंग्यावर पडला.

"उटला का वरखडा?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"उटला."

"मग ह्यो माजा," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तो चुरा झटकायला नबीलालचा हात उठला नाही. जिना उतरून तो खाली गेला आणि दवाखान्याच्या भिंतीला पाठ टेकून मोठ्याने रडला.

मुनीरा जगली. एका मूत्रपिंडावर आजही भाकऱ्या थापते, गुणगुणत मात्र नाही. नबीलालच्या खिशात आता दोन बाटल्या असतात. खडेमहाराज ताम्हिणीच्या पलीकडे बसू लागल्याचं कानावर आलं. हल्ली ते विडा खात नाहीत म्हणे, दूध पितात. गाडीत कुणी तिकडे निघालेलं दिसलं की नबीलाल दोन्ही बाटल्या काढतो, काच दाखवतो, पैसा दाखवतो. लोक कौतुकाने बघतात. मग विचारतात, "पर गुन येतो का त्यांचा?" आणि फाटा आला की उतरून जातात.

वाचकहो, महाराजांवर रागवायला हरकत नाही, पण तेवढ्याने भागत नाही. एक गेला तर दुसरा येतो, विडा गेला तर दूध येतं. आपल्या घरात तांब्याचा एखादा जुना पैसा असेल, सुरी असेल, फुटक्या कंदिलाची काच असेल. कुणी चमत्कार म्हणून हातावर काही ठेवलं तर ते कपाळाला लावण्याआधी एकदा घासून बघा. आणि कळ थांबली तरी, ती का थांबली हे डॉक्टरला विचारा. घासून बघणं पाव मिनिटाचं काम आहे, त्याला शिक्षण लागत नाही. नबीलालला ते काम साऱ्या तालुक्यात सगळ्यात चांगलं येत होतं, आणि त्याने ते केलंही. फक्त आधी पन्नास दिवस तो खडा खिशात घालून फिरत राहिला.